सालाची ज्वारी पेरणीआधीच पैसे देऊन ठरवायची का? (सोलापूर आणि आसपास)

कडक_भाकरी

मघा नक्षत्र संपत आलं. दक्षिण तालुक्यात रब्बीची रानं कुळवाच्या पाळ्या घालून तयार आहेत. बोलायचं तर आत्ताच, एकदा पेरण्या झाल्या की या धाग्याला अर्थ नाही.

शेतकऱ्याला हंगामाआधी पैसे द्यायचे आणि पीक निघालं की आपला वाटा घ्यायचा, ही पद्धत बाहेरच्या देशांत चांगली रुळली आहे. आपल्याकडे ती आली भाजीच्या टोपलीतून. जुळे सोलापुरात आमच्या अपार्टमेंटलाही गेल्या हिवाळ्यात अशी टोपली यायची. मेथी, शेपू, चुका, वांगी, मधूनच हरभऱ्याचा कोवळा पाला. संक्रांतीपर्यंत सगळे खूश. मार्च सरता सरता टोपलीत गवार आणि दोडका तेवढा उरला. एप्रिलात त्या दादांची बोअर आटली. मग 'आम्ही पैसे भरलेत' म्हणत ग्रुपवर लोकांनी काय काय लिहिलं, ते इथे उतरवत नाही. दादांनी राहिलेले पैसे परत केले आणि ग्रुप सोडला.

वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, उन्हाळ्यात पारा ४४च्या पुढे. अशा ठिकाणी बारमाही पालेभाजीची हमी मागायची म्हणजे शेतकऱ्याला आणखी एक बोअर मारायला लावायचं. त्यापेक्षा जे पीक नुसत्या ओलीवर येतं त्याच्यात पैसे घालावेत, असं मला वाटतं. ते म्हणजे आपली शाळू ज्वारी.

यात नवीन शिकायचंही फारसं काही नाही. सालाची ज्वारी भरायची सवय अजून बऱ्याच घरांत आहे. माघ-फाल्गुनात ओळखीच्या शेतकऱ्याकडून पोती येतात, पैसे तेव्हाच देतो. तेच पैसे, किंवा निदान त्यातले निम्मे, सप्टेंबरात द्यायचे. बाकी काही बदलायचं नाही. कोणाकोणाला जमेल? आणि मुख्य म्हणजे, जमणार नसेल तर का नाही?

सात_रस्ता

मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मंगळवार बाजारात जातो, मूठभर ज्वारी हातात घेतो, दाताखाली एक दाणा फोडून बघतो, पटली तर घेतो. न पेरलेल्या ज्वारीचे पैसे कशाला द्यायचे? पाऊस नाही पडला तर माझे पैसे मातीत. शेतकऱ्याला मदतच करायची तर घासाघीस न करता घ्या की. तेवढंही पुष्कळ आहे.

बांधावरून

सात रस्ता भाऊ, राग कशाचा. तुमचे पैसे मातीत जातील म्हणालात, आमचे दर सालाला तिथेच जातात.

माझं रान मंद्रूपच्या अलीकडं. सहा एकर काळी, त्यातली चार कोरडवाहू. एकर ज्वारीला काय लागतं ते सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत नको. नांगरट, दोन पाळ्या, चार किलो मालदांडीचं बी, पेरणी, एक खुरपणी, कोळपणी, आणि शेवटी काढणी-मळणी. गेल्या हंगामात माझे एकरी पंधरा हजाराच्या आसपास गेले. यातली मोठी रक्कम काढणीची. आमच्याकडं ज्वारी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. दिवसभर वाकून ताटं उपटायची, हाताला फोड येतात. पोरं या कामाला येत नाहीत. पन्नाशीच्या बायका येतात, त्याही दर वर्षी कमी होत चालल्यात.

येतं काय? पाऊस साधला तर पाच क्विंटल. नेहमीचं म्हणाल तर चार. आणि पोटऱ्यात असताना ओल तुटली की खडखड्या लागतो. ताट आतनं पोकळ होतं, हलवलं की वाजतं, वाऱ्यानं लोळतं. मग दोनवर समाधान. त्यात शेजारी सगळा ऊस झालाय. आसपास ज्वारीचं एकटंच रान राहिलं की शिवारातली सगळी पाखरं तिथंच उतरतात. पूर्वी दहा रानांत वाटून खायची.

आता उचल. पेरणीला हातात पैसा नसतो, म्हणून आडत्याकडनं उचल घ्यावी लागते. उचल घेतली की माल त्याच्याच दुकानात टाकायचा. भाव पडलेला असला तरी थांबता येत नाही, दुसऱ्याला विचारता येत नाही. म्हणून मला मार्चमधल्या चांगल्या भावापेक्षा सप्टेंबरातले पैसे जास्त कामाचे. कडक_भाकरी ताईंनी नेमकं तेच धरलंय.

पुणेकर_नाईलाजाने

हे वाचून २०२३चा फेब्रुवारी आठवला. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सोलापुरात आणला. एक रुपया किलोने गेला. हमाली, तोलाई, वाहतूक कापून पट्टीत २ रुपये ४९ पैसे उरले आणि हातात दोन रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. तो चेक मला ऑफिसमध्ये अमराठी लोकांनी दाखवला होता.

मी हडपसरला राहतो. माझा एक वाटा धरा. पोतं हुतात्मा एक्स्प्रेसने आणतो, जागा नाही मिळाली तर त्याच्यावरच बसतो.

पुस्तकी_किडा

मूळ कल्पनेबद्दल थोडं. जपानमध्ये १९७०च्या सुमारास शहरातल्या गृहिणींनी याची सुरुवात केली. दुधात आणि भाजीत कीटकनाशकांचे अंश येताहेत म्हणून त्या थेट शेतकऱ्यांकडे गेल्या. १९७१ साली तिथे सेंद्रिय शेतीची संघटना उभी राहिली आणि 'तेइकेई' नावाने ही पद्धत पसरली. पीक जे येईल ते आणि जेवढं येईल तेवढं सभासदांनी वाटून घ्यायचं, वाटपाचं कामही त्यांनीच करायचं. अमेरिकेत १९८६ला मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये एकेक शेत या धर्तीवर सुरू झालं, फ्रान्समध्ये २००१पासून.

पुढे बऱ्याच ठिकाणी त्याचं नुसतं घरपोच भाजीचं वर्गणीखातं झालं. पैसे आगाऊ, पण माल मात्र ठरल्याप्रमाणे आलाच पाहिजे. जोखीम परत शेतकऱ्याच्याच गळ्यात. कडक_भाकरींच्या अपार्टमेंटमध्ये झालं तेही हेच. म्हणून धाग्यातला कळीचा प्रश्न सात_रस्ता यांनी विचारलाय. पाऊस नाही पडला तर काय? याचं उत्तर आधी लिहून ठेवा, ज्वारीचं नंतर बघा.

निवृत्त_रोखपाल

उभी हयात काउंटरमागे गेली, त्यामुळे माझं लक्ष पैशाकडे.

बांधावरून यांचे आकडे धरून हिशेब मांडतो. एका एकराचे आठ वाटे करा. वाट्याला अडीच हजार, म्हणजे एकराला वीस हजार. खर्च पंधरा वजा जाता पाच हजार त्यांच्या कष्टाचे. कडबा त्यांचाच राहू द्या. चार क्विंटल आली तर वाट्याला पन्नास किलो, म्हणजे किलोला पन्नास रुपये. पाच आली तर बासष्ट किलो, चाळीस रुपयांनी पडली. दोनच आली तर पंचवीस किलो, म्हणजे शंभर रुपये किलो! हा शेवटचा आकडा ज्याला आज पचत नाही, त्याने यात पडू नये. फेब्रुवारीत तोंड वाकडं करण्यापेक्षा आत्ता नाही म्हटलेलं बरं.

दुसरं असं, सगळी ज्वारी यातून घेऊ नका. घरात वर्षाला दोन क्विंटल लागत असेल तर एखादा वाटा घ्या, बाकीची नेहमीसारखी बाजारातून. त्यामुळे दुष्काळातही चूल बंद पडणार नाही आणि माणुसकीही सुटणार नाही.

तिसरं. पैसे कुणा 'संयोजका'च्या खात्यात जमा करायचे नाहीत. ज्याचं रान त्याच्याच बँक खात्यात. साध्या कागदावर गट नंबर, किती गुंठे, किती वाटे, पीक गेलं तर काय, एवढं लिहून दोघांच्या सह्या. ओळखीत कागद कशाला, असं म्हणतात. पण ओळख टिकवायची तर कागद हवाच.

सात_रस्ता

शंभर रुपये किलो! काका, तुम्ही बाजू कुणाची घ्यायलात?

निवृत्त_रोखपाल

कागदाची.

पूर्वभागातली

मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

एक. तुम्ही सगळे सोलापूर म्हणजे ज्वारी असं धरून चाललात. आमच्या पद्मशाली घरांत दोन्ही वेळेला भात लागतो, भाकरी कधीमधी. आणि तांदूळ काही इथे पिकत नाही. मग आम्ही स्थानिक खातच नाही का? खातो की. अंबाडी, ज्याला आम्ही गोंगूरा म्हणतो आणि अक्कलकोटकडचे लोक पुंडी म्हणतात, ती इथलीच. चिंचेचा कोवळा पाला इथला. तूर इथली. शेतकरी दादांना विचारा, तुरीत वाटा देतील का? पप्पूला, म्हणजे आमच्या वरणाला, वर्षभर तूरडाळ लागते आमच्याकडे.

दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं. आमच्या गल्लीत निम्म्या बायका विडी वळतात. आठवड्याला मजुरी मिळते, आठवड्यालाच संपते. एकदम अडीच हजार कोण देणार? बारा-चौदाशेही नाही जमणार. तुमची योजना पगारदारांची आहे. बायकांच्या भिश्या आहेत ना, त्यातून होईल. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत दर आठवड्याला ठरावीक रक्कम टाकायची, दसऱ्याच्या आत पूर्ण भिशी शेतकऱ्याच्या खात्यात. भिशी बुडवली असं आमच्यात होत नाही. बुडवली तर दुसऱ्या दिवशी नळावर तोंड दाखवायची सोय नसते.

कडक_भाकरी

ताई, ही भिशी माझ्या डोक्यातच आली नसती. या हंगामाला उशीर झालाय, पण येत्या पाडव्यापासून नक्की. आणि गल्लीतल्या दोघी-तिघींनी मिळून एक वाटा घेतला तर या वर्षीही जमेल.

बांधावरून

तूर देतो. पण ती खरिपाची, आता रानात उभी आहे. पुढच्या वर्षी पेरायच्या आधी बोला. अंबाडी तुरीच्या कडंनं आपोआप येते, तिचे पैसे कसले घ्यायचे, येऊन तोडून न्या.

करडईचं कुणी विचारलं नाही अजून. ज्वारीच्या कडंला करडईच्या ओळी टाकतो. काटे असतात, जनावर आत शिरत नाही. त्याचं तेल घाण्यावर काढून घेतलं तर वाट्याबरोबर थोडं थोडं देता येईल. जेवढं निघंल तेवढं.

रोखपाल काकांचा कागद मान्य. पण दोन अटी माझ्याही. कडबा माझा हे तुम्ही म्हणालातच. पाच-सहाशे पेंढ्या म्हणजे आमच्या दोन म्हशींचं वर्ष निघतं, तो गेला तर मला ज्वारी परवडत नाही. हायब्रीड पेरली तर दाणा जास्त येईल, पण म्हैस त्या कडब्याला तोंड लावंना. दुसरी अट, अर्धे पैसे आत्ता, अर्धे काढणीच्या आधी. रास झाल्यावर नको. काढणीच्या बायकांना रोजच्या रोज द्यावे लागतात.

हिरवं_पान

चर्चा छान चालू आहे, पण ज्वारी सेंद्रिय आहे का? सर्टिफिकेट असेल तरच आम्ही घेऊ. लहान मूल आहे घरात.

बांधावरून

सर्टिफिकेट नाही. पेरताना एकरी एक पोतं खत देतो. कोरडवाहू शाळवाला फवारणी सहसा करत नाही, परवडतच नाही. पण मावा फार आला तर करणारच नाही असं लिहून देणार नाही. खोटं बोलून विकायचं असतं तर शहरात रोज विकलं असतं.

पुस्तकी_किडा

हिरवं_पान, एक सरकारी मार्ग आहे, पीजीएस इंडिया. आसपासचे शेतकरी गट करून एकमेकांच्या रानाची तपासणी करतात, त्रयस्थ संस्थेला मोठी फी द्यावी लागत नाही. पण रूपांतराचा काळच तीन वर्षांपर्यंत जातो. आजच्या आज कागद मिळणार नाही.

आपण रान बघायला जाऊ शकतो, हाच या पद्धतीचा फायदा. मॉलमधल्या पाकिटावर हिरवा शिक्का असतो, पण त्या रानात माव्याची फवारणी कधी झाली हे विचारायला माणूस नसतो. मी तर म्हणेन, येळवशीला (वेळअमावस्येला) सगळ्या वाटेकऱ्यांनी रानात जावं. तेव्हा कणसं बाहेर पडलेली असतात, पीक किती येणार याचा अंदाज तिथेच डोळ्यांनी येतो.

पुणेकर_नाईलाजाने

येळवस म्हटलं की भज्जी, आंबील आणि बाजरीचे उंडे. इथे पुण्यात सांगावं लागतं की वेळअमावस्या म्हणजे काय, आणि भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे! मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला रजा टाकली म्हणून समजा.

सात_रस्ता

आणि हुरडा?

बांधावरून

हुरड्याला गूळभेंडी लागते, मालदांडीचा हुरडा खाऊन वाटेकऱ्यांचंच नुकसान. दोन ओळी गूळभेंडीच्या बांधाला टाकतो. शेंगा चटणी तुम्ही आणा.

सात_रस्ता

चटणी आणतो. फक्त त्यातल्या शेंगा कुठल्या हे विचारू नका. परवा नव्या पेठेत दुकानदाराला विचारलं तर तो माझ्याकडं असा बघायला लागला जसं काय मी इन्कम टॅक्सवाला आहे.

निवृत्त_रोखपाल

विषयांतर थांबवून एक विचारतो. इथलीच मालदांडी का? मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ला भौगोलिक मानांकन मिळालं. तिकडचीच घ्यावी ना.

बांधावरून

घ्या की. मंगळवेढ्याचं रान खोल काळं, तिथं ज्वारीला जी चव येते ती येतेच, मी नाही कशाला म्हणू? ज्याला तिकडचा शेतकरी ओळखीचा आहे त्यानं तिकडं वाटा घ्यावा. पण त्या नावानं पिशवी भरून कुठलीही विकणारे शहरात आहेत, एवढं लक्षात असू द्या.

बाकी वाण मालदांडीच, तिकडंही आणि इथंही. एम ३५-१ म्हणून जी कागदोपत्री आहे, ती इथल्याच देशी ज्वारीतनं मोहोळच्या केंद्रात निवडलेली, १९३०च्या दशकातली. राहुरीच्या विद्यापीठाच्या फुले रेवती, फुले वसुधा आल्या, त्यांचा उतारा जास्त आहे, भारी रानात मीही लावून बघितल्या. भाकरी मालदांडीची. पाण्यात मळली की पीठ तुटत नाही, थापताना कड फाटत नाही, दुसऱ्या दिवशीही मऊ. माझी आई पिठाला हात लावून वाण सांगते.

पूर्वभागातली

आणि कडक भाकरीला?

कडक_भाकरी

कडक भाकरीलाही तीच, माझं नाव आहे त्यामुळे मला विचारायचा अधिकार सगळ्यांना आहे. पातळ थापायची, तव्यावरून काढून मंद आचेवर सुकेपर्यंत ठेवायची. दोन-दोन महिने टिकते. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी नसते तेव्हा आमच्याकडे हीच, कुस्करून वर वाळवलेल्या हरभऱ्याच्या भाजीचं पातळ कालवण, किंवा सांडग्यांचं. फ्रिज नव्हता तेव्हा सोलापूर उन्हाळ्यात उपाशी नव्हतं हो. टोपलीवाल्या दादांनाही मी पुढच्या वेळी हेच सांगणार आहे. थंडीत भाजी द्या, तेव्हाच थोडी वाळवून ठेवा, उन्हाळ्यात मटकी, हुलगा आणि वाळवण द्या, बोअर मारू नका. त्यांनी फोन उचलला तर.

नवीन_भाडेकरू

एक व्यावहारिक अडचण. वन बीएचकेमध्ये पन्नास किलो ज्वारी ठेवायची कुठे? आणि किडे?

पूर्वभागातली

पत्र्याचा डबा, कडुलिंबाचा वाळलेला पाला थरावर थर, आणि ओला हात आत घालायचा नाही. आधी दोन कडक उन्हं दाखवायची. सोलापुरात उन्हाची काय कमी?

निवृत्त_रोखपाल

किंवा अर्धा वाटा घ्या. शेजाऱ्याशी बोला. शेजारी असतातच.

बांधावरून

माझ्याकडं कणगी आहे. निम्मी ज्वारी आषाढापर्यंत ठेवतो, त्यापुढं नको. पावसाळा लागला की दमटपणानं टोके होतात, मग बोलणी मला.

सात_रस्ता

अजून एकाचं उत्तर राहिलंय. मला तिथं दाणा फोडून बघता येणार नाही. माल खराब निघाला तर? अवकाळी पाऊस होऊन ज्वारी काळी पडली तर? ती शंभर रुपयांनी घ्यायची?

पुस्तकी_किडा

हा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते कमी आली तर वाटेकऱ्यांनी सोसावं. काळी पडली तर दोघांनी सोसावं, म्हणजे काढणीच्या वेळचा दुसरा हप्ता निम्मा.

बांधावरून

पाऊस काढणीनंतर खळ्यावर झाला तर? ताडपत्री टाकायची जबाबदारी माझी. तेव्हा भिजली तर दुसरा हप्ता परत करीन. उभ्या पिकावर झाला तर किडा म्हणतात तसं. काळी पडलेली कोंबड्यांना विकली तरी चार पैसे येतात, तेही हिशेबात दाखवीन.

निवृत्त_रोखपाल

हे वाक्य जसंच्या तसं कागदात घालतो.

कडक_भाकरी

तर आत्तापर्यंत ठरलं ते असं. बांधावरून दादा या वर्षी दोनच एकर वाट्याला देणार, सोळा वाटे. बाकीचं रान त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे आमचा अनुभव वाईट आला तरी त्यांचं घर आमच्यावर अवलंबून नाही. नऊ वाटे ठरले, त्यात पूर्व भागातल्या तिघींचा मिळून एक आणि पुण्याचा एक. पहिला हप्ता उत्तरा लागायच्या आत. मसुदा काका उद्या टाकतील. गट नंबर आणि खाते नंबर इथे उघड्यावर लिहू नका, व्यक्तिगत संदेशात.

हिरवं_पान, तुमचं काय ठरतंय ते कळवा, दबाव नाही.

हिरवं_पान

आम्ही आधी येळवशीला येऊन रान बघू, मग पुढच्या वर्षी.

सात_रस्ता

माझा अर्धा लिहा. अर्धाच. आणि बाजारातली ज्वारी मी घेतच राहणार, दोन्ही भाकऱ्या शेजारी शेजारी ठेवून बघणार आणि जे असेल ते इथेच लिहिणार.

बांधावरून

लिहा की. येताना तागाची पोती आणा बरं का सगळ्यांनी. प्लॅस्टिकच्या गोणीत ज्वारीला घाम येतो. आणि मळणीच्या दिवशी निदान दोघं जण हाताखाली पाहिजेत, मशीनवाला तासावर पैसे घेतो.